दादाची अल्टो साडेतीन महिने उभी राहणार, त्याच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार, भाऊबीज

ताई ओवाळून गेली आणि दादानं गाडीचा विषय काढला. साखर कारखाने १५ तारखेपासून पेटणार, पण मतदान २० ला आहे, मतदान करूनच ऊसतोडीची टोळी हलणार म्हणाला. दादा ट्रॅक्टर घेऊन जाणार, वहिनी पण सोबत, लेकरं माय-आबांकडं राहणार आणि अल्टो गोठ्याजवळच्या पत्र्याखाली, "मागच्यासारखीच".

मागच्यासारखी नको, म्हणून ही वही उघडली. मागच्या वर्षी दादा गेल्यावर गाडी जी उभी राहिली ती राहिली. आबा दर रविवारी चाबी फिरवून पाच मिनिटं चालू ठेवायचे, त्यांना तेवढंच येतं, गाडी चालवता येत नाही. मी अहमदपूरला, दुकान मोटार रिवाइंडिंगचं, हिवाळ्यात रब्बीचं पाणी चालू असतं तेव्हा जळालेल्या मोटारींची रांग लागते, गावाकडं जाणं होत नाही. फेब्रुवारीत एका रात्री मी नेमका गावात होतो आणि मायला छातीत दाबल्यासारखं व्हायलं. पळत गेलो, चाबी फिरवली, तर नुसतं टक. परत टक. धक्का मारावा म्हटलं तर मागची चाकं हलेनात, हँडब्रेक लावून ठेवला होता तो धरून बसलेला. शेवटी शेजारच्या पिकअपमधी मायला नेलं. ॲसिडिटी निघाली, देवाची कृपा, पण दवाखान्याच्या पायऱ्या चढताना माझे हात कापत होते ते अजून आठवतं. बॅटरी तर गेलीच, मार्चमधी दादानं साडेतीन हजार घालून नवी टाकली. रोज मोटारींची वायंडिंग करणारा माणूस मी, माझ्याच घरची बॅटरी मी मरू दिली.

यंदा दर टप्प्याला काय केलं, किती व्होल्ट आले, सगळं लिहायचं. गाडी २०११ ची अल्टो, बॅटरी १२ व्होल्ट ३५ एएच (अँपिअर-अवर, बॅटरीत किती साठा मावतो त्याचं माप), वर सहा बुचं असलेली, एका बुचाखाली एक सेल, पाणी टाकायची.

१० नोव्हेंबर, रविवार

आज फक्त एकच काम, गाडी बंद असताना करंट किती खाते ते मोजायचं. आबा दर रविवारी चालू करत होते तरी बॅटरी कशी बसली, हे कोडं वर्षभर डोक्यात होतं.

पद्धत अशी. सगळे दरवाजे बंद, चाबी काढलेली, बॅटरीची मायनस केबल सोडवली (१० नंबरचा पाना लागतो), आणि मायनस पोल आणि केबलच्या मधी मल्टीमीटर सिरीजमधी जोडला, लाल वायर १० अँपिअरच्या होलमधी. ही वायर मिलीअँपच्या होलमधी टाकायची नाही, मी पहिल्यांदा तेच केलं आणि मीटरचा फ्यूज उडाला, ५० पैशाच्या चुकीनं अर्धा तास गेला. आणि मीटर लावलेला असताना चाबी फिरवायची नाही, स्टार्टर शंभर-दीडशे अँपिअर ओढतो.

दहा-पंधरा मिनिटं थांबलो, सगळं शांत होऊ दिलं. रीडिंग ०.१८. म्हणजे १८० मिलीअँप. घड्याळ, सेंट्रल लॉक वगैरे धरून अशा गाडीला २०-३०, फार तर ५० चालतं. १८० म्हणजे दिवसाला ०.१८ गुणिले २४, सव्वाचार एएच. ३५ एएचची बॅटरी आठ दिवसात खलास! आबा रविवारी चाबी फिरवायचे म्हणजे आठवड्याला तीस एएच गेलेले असायचे आणि पाच मिनिटात भरून किती येणार, आयडलला अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा) सगळं मिळून वीस-पंचवीस अँपिअर देत असेल असं धरलं तरी पाच मिनिटात दोन एएच. दोन पण नाही, कारण उतरलेली बॅटरी सुरुवातीला भराभर घेते आणि जशी भरत जाईल तसं कमी कमी घेते, शेवटचं तीस टक्के भरायला तासन् तास लागतात. म्हणजे आबा दर रविवारी फुटक्या रांजणात तांब्याभर पाणी ओतत होते. आबांचा काही दोष नाही, त्यांना सगळ्यांनी हेच सांगितलं होतं.

मग एकेक फ्यूज काढत गेलो. तिसरा काढला तसं ०.१८ चं ०.०२ झालं. तो म्युझिक सिस्टिमचा. डॅशबोर्ड उघडला तर टेपची पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून वरून चिकटपट्टी मारलेली. पिवळी म्हणजे कायम बारा व्होल्ट, मेमरीसाठी, आणि लाल चाबीवरून यायला पाहिजे, चाबी काढली की टेप झोपला पाहिजे. दादाला विचारलं. म्हणाला, "लेकरांना चाबी न देता गाणे लावता यावं म्हणून मीच जोडून घेतलं होतं." बास, कोडं सुटलं. लाल वायर वेगळी करून चाबीच्या लाईनवर घेतली, सोल्डर मारलं, स्लीव्ह चढवली. आता २० मिलीअँप. लेकरं फुगली माझ्यावर.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज बॅटरी सोडून बाकीची गाडी. हे भरभर लिहितो.

ऑइल बदललं. जुनं ऑइल अजून दोन हजार किलोमीटर चाललं असतं, पण वापरलेल्या ऑइलमधी जळालेल्या पेट्रोलचं ॲसिड आणि पाणी मुरलेलं असतं आणि ते तीन-चार महिने बेअरिंगवर तसंच बसून राहतं, म्हणून उभी करायच्या आधीच बदलायचं.

टाकी फुल केली. रिकाम्या टाकीत हवा जास्त, रात्रीच्या गारठ्यात त्या हवेतलं पाणी पत्र्याला धरतं. आणि आता पेट्रोलमधी इथेनॉल मिसळलेलं असतंय, ते पाणी ओढून घेतं. दादा म्हणाला, "म्हणजे मी तोडलेला ऊस माझ्याच गाडीच्या टाकीत येतोय की." बरोबर आहे त्याचं, साखर कारखान्यातून पण जातंय ते.

टायरमधी रोज ३० ठेवतो, आज ३७ भरली. एका जागी उभं राहून टायर खालून चपटा बसतो, हवा जास्त असली की कमी बसतो.

हँडब्रेक लावायचा नाही. पहिल्या गिअरमधी टाकून दोन चाकांना पुढं-मागं विटा. मागच्या ड्रमातले शू ओलाव्यानं ड्रमला चिकटतेत, मागच्या वर्षी हातोडीनं ठोकून सोडवावे लागले होते.

आणि जागा बदलली. गोठ्याला लागून असलेली जागा मला पटत नाही, जनावरांच्या मुताचा जो वास डोळ्याला झोंबतो त्यानं तांब्याच्या वायरी आणि टर्मिनल हिरवे पडतेत. घराच्या पूर्वेच्या बाजूला पडवी आहे तिथं सोयाबीनची पोती होती, ती आत हलवली आणि गाडी तिथं घेतली. आबा नाराज, पोती आत आली म्हणून.

बॅटरीची ग्रॅव्हिटी पण घेतली, म्हणजे ॲसिडचा दाटपणा, हायड्रोमीटरनं मोजतेत, बॅटरी जेवढी भरलेली तेवढा आकडा जास्त. पाच सेल १२२० च्या आसपास, चौथा सेल १२००. पाणी सगळ्यांतच कमी, पण प्लेटा उघड्या पडलेल्या नव्हत्या. पाणी टाकून लगेच हायड्रोमीटर घालू नये, वरचं पाणी मिसळलेलं नसतं, आकडा खोटा येतो. म्हणून आधी रीडिंग, मग डिस्टिल वॉटर, मग चार्जिंग. आणि टाकायचं ते फक्त डिस्टिल वॉटर. "ॲसिड टाका म्हणजे जोर येईल" असं सांगणारे लै भेटतेत. उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड कुठं उडून गेलेलं नसतं, ते प्लेटांत सल्फेट होऊन बसलेलं असतं, चार्ज केलं की परत पाण्यात येतं. वरून अजून ॲसिड ओतलं तर प्लेटा खातं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

पहाटे पाचला टोळी निघाली. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यात भांडी, कोयते, शेळी, कोंबड्या, पाचटाच्या खोपीवर टाकायची ताडपत्री. वहिनीनं लेकरांना झोपेतच पाहून घेतलं, उठवलं नाही. दादानं जाताना गाडीच्या टपावर हात ठेवला, मला म्हणाला, "मायसाठी ठिव रे नीट."

हेच डोक्यात ठेवून बॅटरीचं ठरवलं. माझा पहिला विचार होता बॅटरी काढून दुकानात न्यायची, तिथं चार्जर आहे, बाजूला पडून राहील, मी रोज बघीन. पण मग रात्री-अपरात्री गाडी लागली तर बॅटरी वीस किलोमीटरवर! गाडी जपायची ती कशासाठी मग. म्हणून असं ठरलं की बॅटरी एकदा दुकानात नेऊन फुल करायची, परत गावात आणून घरातच ठेवायची, आणि गरज पडली तर दहा मिनिटात बसवता आली पाहिजे. गाडी चालवायला शेजारचा पिकअपवाला आहेच.

काढताना मायनस आधी, मग प्लस. प्लस आधी सोडवताना पाना बॉडीला लागला तर थेट शॉर्ट, पाना लाल होतो. बसवताना उलटं, प्लस आधी, मायनस शेवटी.

मोटरसायकलवर पोत्यात घालून न्यायची नाही, आडवी झाली तर बुचातून ॲसिड गळतं. टोमॅटोच्या क्रेटमधी उभी ठेवून दोरीनं बांधली.

२३ नोव्हेंबर, शनिवार

निकाल लागायलेत, बाजारात कुणाचंच कामात लक्ष नाही, मला मात्र चार्जिंगला निवांत दिवस मिळाला.

सुरुवातीला १२.२८ व्होल्ट. म्हणजे अर्ध्याच्या थोडं वर. अंदाज असा: १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे पाव, ११.९ च्या खाली रिकामी. बारा व्होल्टची बॅटरी बारा व्होल्ट दाखवायली म्हणजे चांगली, असं लोक समजतेत, ती खरं तर जवळपास संपलेली असते.

करंट बॅटरीच्या एएचच्या दहाव्या हिश्शाला ठेवायचा, ३५ ला साडेतीन. मी तीनच ठेवला. माझा चार्जर जुना ट्रान्सफॉर्मरवाला, आपोआप कट होत नाही, बसून राहावं लागतं. बुचं सैल केली, शटर उघडं, पंखा चालू, कारण शेवटी शेवटी बॅटरी हायड्रोजन सोडते आणि हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीनं भडकतो. चार्जर बंद केल्याशिवाय चिमटे काढायचे नाहीत. विडीवाल्या गिऱ्हाइकाला बाहेर उभं केलं, राग आला त्याला.

सहा तासांनी १४.४, सगळ्या सेलमधी बारीक बुडबुडे, चौथ्यात कमी. करंट एक अँपिअरवर आणून अजून चार तास दिले, तेव्हा चौथा पण उकळायला लागला.

२४ ला सकाळी परत मोजलं. चार्जर काढल्या काढल्या १३ च्या वर दाखवतं ते खरं नसतं, रात्रभर पडू द्यायचं. आज १२.६८. ग्रॅव्हिटी पाच सेल १२५०, चौथा १२४५. वाचला तो सेल. अजून दोन महिने तसाच राहिला असता तर सल्फेट कडक झालं असतं. मऊ असतं तोवर चार्जिंगनं विरघळतं, एकदा मोठे खडे धरले की मग कितीही करंट द्या, प्लेट तेवढ्या भागापुरती मेली. मागच्या वर्षीची बॅटरी अशीच गेली.

८ डिसेंबर, रविवार

बॅटरी गावात, माजघराच्या कोपऱ्यात. माय म्हणाली फरशीवर ठेवू नको, फरशी करंट ओढती. मी लाकडी पाटावर ठेवली, तिचं मन राहिलं. पण लिहून ठेवतो, पूर्वी बॅटरीचे डबे रबराचे आणि लाकडाचे असायचे, ते झिरपायचे, ओल धरायचे, तेव्हाची ही गोष्ट आहे. आताचा प्लास्टिकचा डबा फरशीला करंट देत नाही. पाटाचा फायदा एवढाच की खालून फरशी पुसता येते.

शेजारच्या मास्तरांनी विचारलं की घरच्या इन्व्हर्टरला जोडून का चार्ज करत नाही. नको. इन्व्हर्टर दीडशे एएचच्या ट्युब्युलर बॅटरीसाठी बनलेला, तो दहा-पंधरा अँपिअर ढकलतो, ३५ एएचची ही बॅटरी तापून पाणी उडवून बसेल.

व्होल्ट १२.६५.

१५ डिसेंबर, रविवार

कडाक्याची थंडी. परभणीचा पारा दहाच्या लै खाली गेलाय, आपल्याकडं पण सकाळी आठपर्यंत शेकोटी सोडवत नाही. आबा म्हणाले, "थंडीनं बॅटरी मरायली असंल की रे." सगळ्यांना तसंच वाटतं, कारण गाडी बंद पडते ती हिवाळ्यातल्या सकाळी.

व्होल्ट १२.६३. तीन आठवड्यात फक्त पाच पॉइंट. खरं हे आहे की पडून राहिलेल्या बॅटरीला गारवा मानवतो. बॅटरी काही न जोडता पण आपोआप थोडी थोडी उतरत असते, आणि दर दहा डिग्री वाढली की तो वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे हीच बॅटरी एप्रिल-मेमधी, ४२ डिग्रीत, पत्र्याखाली ठेवली असती तर तिप्पट-चौपट वेगानं उतरली असती. प्लेटा खराब होतात त्या उन्हाळ्यात, आणि उघडं पडतं हिवाळ्यात, कारण गार बॅटरी जोर कमी देते आणि गार ऑइल घट्ट असतं, इंजिन फिरायला जास्त जोर लागतो. मरणं मे महिन्यातलं असतं, मयत डिसेंबरात कळते.

मावसभाऊ फौजेत आहे, लडाखला होता, सुट्टीवर आलाय. तिकडची गोष्ट वेगळी म्हणाला, आणि त्याचं कारण पण समजण्यासारखं आहे. उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड पाण्यासारखंच झालेलं असतं, ते उणे सात-दहाला गोठून डबा फुटतो, आणि भरलेली बॅटरी उणे पन्नासला पण गोठत नाही. म्हणजे तिकडं पण औषध एकच, भरून ठेवा.

३० डिसेंबर, सोमवार, येळवस (वेळा अमावस्या)

दुकान बंद. सकाळी बॅटरी बसवली, म्हणजे मी नाही, पुतण्यानं बसवली. नववीला आहे. मी बाजूला उभा राहून फक्त बघितलं. प्लस, मग मायनस, १० नंबरचा पाना, क्लॅम्प, झालं. सात मिनिटं. पहिल्यांदा त्यानं मायनसला हात घातला आणि स्वतःच थांबला, म्हणाला, "काका, हे शेवटी ना?" लै बरं वाटलं.

चाबीला गाडी एका झटक्यात चालू. आयडल जरा वर-खाली होत होतं, बॅटरी काढून ठेवली की गाडीचा कंप्युटर आयडल विसरतो, दहा मिनिटांत बसलं. माय, आबा, लेकरं, आंबिलाचं बिंदगं, भज्जी, बाजरीचे उंडे, रोडगे, सगळं गाडीत घालून शेतात. लेकरं पुढं "ओलगे ओलगे सालम पोलगे" ओरडत होती आणि खोपीजवळ आबांनी पांडवांची पूजा मांडली. दरवर्षी दादा आंबील शिंपडतो, आज पुतण्यानं शिंपडली.

परत येताना मुद्दाम शिरूर ताजबंदपर्यंत जाऊन आलो, पाऊण तास गाडी चालली. उभ्या गाडीला हलवायचं तर असं हलवायचं. पाच मिनिटं जागेवर चालू ठेवलं की इंजिन नीट तापत नाही, सायलेन्सरमधी आणि ऑइलमधी पाणी धरतं, ते उडून जायला चांगला अर्धा-पाऊण तास रस्त्यावर पळायला पाहिजे. तेवढा वेळ नसंल तर चालूच करू नये, बॅटरी काढून ठेवलेली बरी.

घरी आल्यावर बॅटरी परत काढली. गाडी आधी होती त्याच्या हातभर पुढं लावली, टायरचा भाग बदलावा म्हणून.

१२ जानेवारी २०२५, रविवार

आज मन खट्टू झालं. बॉनेट उघडलं तर एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घर. कापूस, सोयाबीनच्या शेंगा, कव्हराच्या चिंध्या. कूलंट सेन्सरची वायर अर्धी कुरतडलेली. अजून आठ दिवस लागले असते तर तोडली असती आणि बाजूचं पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) गेलं असतं.

चूक माझी आहे. पोती आत हलवली पण पडवीच्या कोपऱ्यात तुरीच्या काड्यांची गंजी लागली होती, तिकडं मी बघितलंच नाही. शेतं मोकळी झाली की उंदरं घराकडं येतेत हे काय मला नवीन आहे का.

वायर जोडली, स्लीव्ह टाकली, फिल्टर नवा आणला. गंजी वीस पावलं लांब. दोन पिंजरे, रोट्याचा तुकडा लावून. आबांनी तंबाखूची पानं ठेवली, माझा त्याच्यावर विश्वास नाही पण ठेवू दिली. डांबर गोळ्या ठेवल्या नाहीत, लेकरं गाडीत खेळतेत. आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे बॉनेट उघडंच ठेवायचं, दांडीवर. उंदराला अंधार आणि आडोसा पाहिजे असतो, उजेड असला की घर करत नाही. वर जुनं धोतर टाकलं धुळीसाठी, बाजूनं मोकळं.

बॅटरी १२.५९. आज गावातच चार्ज केली, फवारणी पंपाच्या चार्जरनं. त्याच्यावर १२ व्होल्ट १.७ अँपिअर लिहिलेलं असतं, पंपातली बॅटरी पण शिशाचीच असती, ८ किंवा १२ एएचची. रिकामी ३५ एएच भरायला तो चार्जर पुरणार नाही, दोन दिवस तापत बसेल, पण भरलेल्या बॅटरीला वरून थोडं द्यायला एकदम बरोबर. आधी मीटर लावून बघितलं, टोकाला १४.२ च्या वर जात नाही, म्हणून हिंमत केली. पाच तासात लाल दिव्याचा हिरवा झाला.

ह्यावरून गावातल्या सगळ्यांना सांगायचंय ते पंपांचं. खरिपाची फवारणी संपली की पंप उतरलेल्या बॅटरीसकट माळवदावर फेकून देतेत आणि जूनमधी म्हणतेत पंप पाच टाक्या पण मारत नाही. तीच गोष्ट आहे. महिन्याला एक रात्र चार्जर लावा, बास.

२ फेब्रुवारी, रविवार

१२.६४. पिंजऱ्यात आतापर्यंत चार. वायरी शाबूत. गाडी हातभर मागं ढकलली. दुसरं काही नाही.

दादाचा फोन आला, रात्री पण ट्रॅक्टर चालू असतो, कारखान्याच्या गव्हाणीवर ऊस उतरवायला नंबर लागायला आठ-आठ तास रांगेत. मागं वहिनीचा आवाज, लेकरं जेवली का विचारत होती. गाडीचं शेवटी विचारलं त्यानं. मी म्हटलं बारा पॉइंट चौसष्ट. त्याला आकडा कळला नाही, पण "बरं हाय म्हणजे" म्हणाला.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

यंदा ऊस कमी, कारखाने लवकर आटपायलेत, टोळी पाडव्याच्या लै आधी येणार. दुपारी ऊन आता चटका देतंय.

१२.६०. पंपाच्या चार्जरवर परत पाच तास. टर्मिनलच्या लगांवर पांढरं-हिरवं फुगलेलं थोडं, खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून ब्रशनं घासलं, बुचं घट्ट लावून, सोडा आत गेला तर ॲसिड मरतं. कोरडं करून वरून व्हॅसलिन.

पुतण्याला परत एकदा बसवायला लावली. ह्या वेळेस सव्वापाच मिनिटं. त्याला म्हटलं, रात्री लाईट गेलेली असली तर? त्यानं डोळे मिटून पाना लावून दाखवला, प्लसचा पोल मायनसपेक्षा जाड असतो हे त्याला हातानं कळतं आता. हे मी त्याला सांगितलं नव्हतं, त्यानंच शोधलं.

९ मार्च, रविवार

काल रात्री अकराला टोळी आली. वहिनी ट्रॉलीतून उतरली ती सरळ लेकरांच्या अंथरुणात जाऊन पडली, उसाच्या पाचटासकट.

दादा चहा पिऊन सकाळी पडवीत आला. बॉनेट उघडं बघून घाबरला, "काय झालं रे गाडीला?" सांगितलं सगळं. पुतण्यानं बॅटरी बसवली, दादा नुसता बघत राहिला, पोराच्या हाताकडं.

शेवटचे आकडे. बसवायच्या आधी १२.६३. स्टार्टर फिरताना मीटर १०.६ पर्यंत खाली गेला, ९.६ च्या खाली गेला असता तर बॅटरी कमजोर म्हटलं असतं. चालू झाल्यावर १४.१, म्हणजे अल्टरनेटर पण ठीक. ग्रॅव्हिटी सहाही सेल १२४० ते १२५०, चौथा सेल बाकीच्यांच्या बरोबरीनं. चाकं हातानं ढकलल्यावर सरकली, हँडब्रेक मोकळा. साडेतीन महिन्यात खर्च: ऑइल, एक फिल्टर, दोन लिटर डिस्टिल वॉटर, मीटरचा फ्यूज.

दादानं पहिली चक्कर मायला घेऊन मारली, अहमदपूरला, डोळे तपासायचे राहिले होते तिचे. निघताना लहान्या पुतणीनं टेपचं बटन दाबलं, लागला नाही, तिनं माझ्याकडं बघितलं. दादानं चाबी फिरवली, मग लागला.

उरलेलं: टायरमधी अजून ३७ च आहे, ३० करायची. एप्रिल लागायच्या आत गाडी पडवीतून लिंबाच्या सावलीत, उन्हाळ्याचे आकडे दुसऱ्या पानावर.